तिच्या वाटचे शब्द

बायकोची वाचा गेली यात आपला तोटा किती आणि फायदा किती, असं लेखकाला त्या पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं, तर त्याने विचारणाऱ्याला हाताला धरून दाराबाहेर काढलं असतं. पंचाईत एवढीच की विचारणारा दाराबाहेर काढण्यातला नव्हता. तो त्याच्याच सदऱ्यात राहत होता. इस्पितळाच्या बाकावर बसून लेखक 'शांतता राखा' ही पाटी वाचत होता, 'राखा' हा शब्द इथे कसा छान बसलाय, गुरं राखावीत, शेत राखावं तशी शांतता, असलं काहीतरी मनात घोळवत होता, आणि फायद्याची बाजू नको नको म्हणता भरत चालली होती. घर शांत होईल. सकाळी लिहायला बसलं की "अहो, दूध खाली उतरवलंत का?" असं आतून येणार नाही. भेटायला येणारे हळू आवाजात बोलतील, आणि त्यांचा त्याच्याविषयीचा आदर, जो अलीकडे पातळ होत चालला होता, तो पुन्हा जरा दाट होईल. हे सगळं वरवरचं. खाली, अगदी तळाशी, जे त्याने मनातल्या मनातही पुरतं उच्चारलं नाही ते असं होतं की आता पानं कुणाला दाखवायची नव्हती.

पानांची भानगड जुनी होती. बायको तार ऑफिसात काउंटरवर होती, तारा बंद होईपर्यंत. तारेला शब्दागणिक आकार पडायचा, आणि दुःखात माणूस पाल्हाळ लावतो. ती कागद घ्यायची, कानावरची पेन्सिल काढायची आणि समोरच्याच्या देखत कापत सुटायची. "'कळविण्यास अत्यंत खेद होतो' काढा. तार आली म्हणजे खेद असणारच." "'आपला आज्ञाधारक' कशाला? आज्ञाधारक असता तर घरी असता ना." बरोबरीच्या बायकांनी तिचं नाव कात्री ठेवलं होतं, आणि ते तिला इतकं चिकटलं की पुढे घरातही तेच चाललं. लेखक तिच्या खिडकीशी पहिल्यांदा उभा राहिला तो वडील गेले त्या दिवशी. त्याच्या कागदावर होतं, 'वडील प्रदीर्घ आजारानंतर आज पहाटे शांतपणे निवर्तले, ताबडतोब निघून येणे.' तिने वाचलं, वर बघितलं. "कुणाला पाठवताय?" "ताईला. थोरल्या बहिणीला." "मग 'वडील गेले, ये' एवढं पुरे. शांतपणे कसे गेले ते आल्यावर सांगा, तिला तेवढंच ऐकायला होईल." त्याला राग आला. नंतर रस्त्यावर, दुचाक्यांच्या गर्दीत, 'वडील गेले' हे दोन शब्द त्याला एकदम लागले आणि तो सकाळपासून प्रथमच रडला. अशा बाईशी माणूस एक तर भांडतो नाहीतर लग्न करतो. त्याने दोन्ही केलं. तेव्हापासून त्याचं प्रत्येक पान तिच्या पेन्सिलीखालून गेलं. ती चुकीचा शब्द कधी कापत नसे, चुकीचा शब्द त्याच्याकडून सहसा यायचाच नाही. तिचा आक्षेप एकच. "हा मिरवतोय." एखादा जुना, घोटलेला, त्याने कुठून कुठून वेचून आणलेला शब्द दिसला की ती पेन्सिलीचं टोक त्याच्यावर टेकवायची: "अहो, बघा तरी, वाक्य बिचारं चाललंय आपल्या कामाला आणि हा मध्येच फेटा बांधून उभा. मिरवतोय." तो रुसायचा, शब्द परत घालायचा, दोन दिवसांनी आपणच काढायचा. लोक त्याच्या लिहिण्यातल्या संयमाचं कौतुक करत. संयम कुणाचा, हे त्या घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं, म्हणूनच त्याविषयी कुणी बोलत नसे.

धक्का बसला तो मात्र तिच्या अर्धांगवायूने नाही. आजार आला तेव्हा माणूस धावपळीत असतो, धक्क्याला वेळ नसतो. धक्का बसला नंतर, एका साध्या दुपारी, इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिथे बोलण्याचे उपचार करणारी मुलगी बसत असे. लेखकाने तिचं नाव मनात वाचाबाई ठेवलं होतं. दिसेल त्याला नाव ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ती कात्रीला चित्रांची कार्डं दाखवायची आणि शब्द विचारायची. कात्रीला कळत होतं सगळं. कार्डावर काय आहे, घड्याळात किती वाजले, कोण खरं दुःखी आहे आणि कोण उगाच नाक ओढतंय, सगळं. फक्त शब्द ओठांपर्यंत येत नव्हता. ती तोंड उघडायची, कपाळाला आठी पडायची, डावा हात हवेत काहीतरी चाचपायचा, आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून लेखक म्हणायचा, "कंगवा." किंवा, "शिडी." आणि कात्री मान डोलवायची. हे दोन-तीन आठवडे चाललं. त्या दुपारी वाचाबाई कार्डं खाली ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?" तो बाहेर बसला. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून खूप वेळ काही आलं नाही, पंख्याची कुरकुर तेवढी, आणि मग एक आवाज, घोगरा, मधेच मोडलेला, जड सामान जिन्याने वर ओढत आणावं तसा: "खि... खिड... खिडकी."

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा, आनंदाची जागा त्याला सापडेपर्यंत दुसरंच काहीतरी तिथे येऊन बसलं होतं. आपली छत्री परक्याच्या हातात दिसावी आणि ती आपलीच आहे हे सिद्ध करता येऊ नये, तसं काहीतरी. त्याच्यासमोर ती एक शब्द बोलली नव्हती. खिडकी! इतका साधा, धुऊन वाळत घातल्यासारखा शब्द, आणि तो त्याने दिलेला नव्हता. तास संपल्यावर वाचाबाईने त्याला गाठलं. "काका, स्पष्ट सांगते, राग मानू नका. काकूंना शब्द माहीत आहेत. शब्दापर्यंत जायचा रस्ता उखडलाय. तो नव्याने पडेल, पण त्यांच्याच चालण्याने. तुम्ही रोज उचलून पलीकडे नेलंत तर रस्ता पडायचा नाही." "मी मदत करतो तिला," लेखक म्हणाला. "तेच सांगतेय, करू नका. अडू द्या. चुकू द्या. काय वाटेल ते झालं तरी शब्द तुम्ही द्यायचा नाही. सुरुवातीचे हे काही महिने आहेत. आत्ता जे परत येईल ते येईल, पुढे फार कठीण होतं." मग जरा हसून म्हणाली, "तुम्हाला जड जाईल म्हणा. लेखक ना तुम्ही." मदत करू नका, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. काका तर मुळीच म्हटलं नव्हतं.

घरी त्याने मनापासून प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. वाट बघणं म्हणजे हात बांधून बसणं, अशी त्याची समजूत होती. पण ते दात दुखण्यासारखं निघालं. कात्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी मागायची, जीभ वर टेकवून, डोळे मिटून, आणि त्याच्या तोंडात शब्दांची झुंबड उडायची. तिला काय हवंय हे तो तिच्या आधी ओळखायचा. ते ओळखून गप्प राहणं म्हणजे शिंक आवरणं. त्याच्या घशात तो शब्द फुगायचा, त्याला चव यायची, कडा यायच्या. लहानपणापासून त्याचे शब्द असेच होते, अंगाला लागणारे. 'दमट' म्हटलं की बोटांच्या पेरांना गार वाटायचं. 'ओशट' म्हटलं की तो नकळत हात पुसायचा. अंधार पडायच्या वेळेला 'कातरवेळ' म्हणायचं की 'दिवेलागण' यावर त्याने आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि त्या वेळात खऱ्या संध्याकाळी खिडकीबाहेरून निघून गेल्या होत्या. आता कात्री "च... च..." करत उभी होती, तिच्या मानेची शीर ताठ झाली होती, आणि तो ओठ आवळून फळीवरच्या डब्यांकडे बघत होता. "च..." "चाळणी," तो म्हणाला. म्हणजे त्याच्याकडून म्हटलं गेलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आभारही दिसले, आणि त्यांच्या पाठीमागे काहीतरी, काउंटरची खिडकी आतून ओढून घ्यावी तसं, खाली आलं.

ते खाली येणं त्याने पूर्वी पाहिलं होतं. कुठे, हे आठवायला त्याला दोन दिवस लागले, आणि आठवल्यावर वाटलं, नसतं आठवलं तर बरं. वडील बोलताना अडखळायचे. घरात कमी, परक्या माणसापुढे फार. तिकिटाच्या खिडकीशी, दुकानात, शाळेत हेडमास्तरांपुढे, एखाद्या अक्षरावर गाडी रुतायची आणि सगळी रांग त्यांच्या ओठांकडे बघायला लागायची. त्यांचं बोट धरून उभा असलेला हा, शेंडेफळ, तो शब्द चटकन उचलून समोरच्याला द्यायचा. लोक म्हणायचे, "पोरगं भारी चलाख हो तुमचं!" वडील हसायचे. 'प' त्यांना जमत नसे, म्हणून याने 'प'ला टाळून जाणारे शब्द जमवले. पत्र नको, चिठ्ठी. पाठवा नको, धाडा. पुरे नको, बस. एका अर्थाला पाच-पाच शब्द, खिशात गोट्या वागवाव्यात तसे तो वागवायचा आणि वडिलांना वेळेवर काढून द्यायचा. शब्दांचा नाद लागला तो असा, सेवा म्हणून. पुढे लोकांनी विचारलं, एवढी शब्दसंपत्ती कुठून आली, की तो वडिलांचं नाव घ्यायचा, आणि लोकांना वाटायचं वडील मोठे व्यासंगी असावेत. वडील हळूहळू बोलायचे थांबले. आधी दुकानात, मग पाहुण्यांत, मग जेवताना. सगळे म्हणायचे, स्वभावच अबोल. त्यालाही तसंच वाटत आलं होतं. आता या वयात, हातात पुन्हा तीच चाळणी घेऊन उभा असताना, त्याला पहिल्यांदा शंका आली की वडील अबोल नव्हते; त्यांना पाळी मिळत नव्हती. शंका आली, आणि त्याने ती चाळणीसकट फळीवर ठेवून दिली. त्याच्यासारख्या माणसाचा एक फायदा असतो, शंकेला चांगलासा शब्द सापडला की ती मिटली असं त्याला वाटतं. 'अबोल' हा शब्द फारच सुंदर होता.

मग मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, रजा काढून आली, आणि आल्या आल्या तिने घराचा ताबा घेतला. आईसमोर पाय दुमडून बसायची आणि म्हणायची, "मला वेळच वेळ आहे. बोल." आणि खरंच बसून राहायची, केस विंचरत, नखं कापत, आईच्या तोंडाकडे न बघता. लेखक दारात घुटमळायचा. "बाबा, तुमचे ओठ हलतायत." "मी काही बोललो नाही." "हलतायत ना पण! आई तुमच्या ओठांवरून वाचते. जा बरं, फिरून या." तो फिरून यायचा. परत येईपर्यंत घरात दोन-चार शब्द नवे झालेले असायचे: 'उशी'. 'बस झालं'. 'मीठ', आणि मग चेहरा वाकडा करून, 'जास्त'. चुकायची तेव्हा भलतंच निघायचं. जावयाला एकदा फोनवर ती 'टेबल' म्हणाली आणि मायलेकी इतक्या हसल्या की कात्रीला ठसका लागला. शनिवारी दुपारी मुलगी तिला शेजारच्या घरातल्या भांडणाविषयी काहीतरी सांगत होती आणि लेखक मध्येच, सवयीने, भांडणाला 'धुसफूस' म्हणावं की 'कुरबूर' याचा निवाडा करायला लागला. कात्रीने मान वळवली. तिची आठी आली, हात हवेत गेला, पण चाचपडला नाही, सरळ त्याच्याकडे रोखला गेला. "अहो," ती म्हणाली, "गप... गप बसा की!" आजारानंतरचं पहिलं अख्खं वाक्य! मुलगी टाळ्या पिटत उठली, आईला मिठी मारली, वाचाबाईला फोन लावला, वाचाबाई तिकडून ओरडली, "अरे वा, काकू सुटल्या!" लेखकही हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला. हसताना त्याच्या बरगडीखाली बारीकसं काहीतरी मोडलं, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि तो त्याला शब्द शोधत बसला.

मुलगी गेली, रजा किती दिवस पुरणार. जाताना जिन्यात त्याचा हात धरून म्हणाली, "बाबा, ती येतेय परत. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका." येतेय परत. तो वर आला तेव्हा ती परत येणारी बाई त्याच्या टेबलाशी बसली होती. इतक्या महिन्यांत तो भरभरून लिहीत होता. पेन्सिलीची भीती नव्हती, आणि वर्षानुवर्षं कापून काढलेले शब्द, रुसून अडगळीत बसलेले, एकेक करून वाक्यात येऊन बसत होते, फेट्यांसकट. त्याला ते सगळं फार आवडत होतं. हे आपलं सर्वांत चांगलं लिहिणं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ज्या अर्थी सांगावं लागत होतं त्या अर्थी त्याला खरं काय ते माहीत होतं. कात्रीने वरचं पान पुढ्यात ओढलं होतं. उजवा हात मांडीवर निपचित, डाव्या हातात पेन्सिल, लहान मुलासारखी मुठीत धरलेली. तिने एका ओळीवरून रेघ ओढली. वेडीवाकडी, पण शब्दाच्या नेमकी मधून. दुसरी ओढली. मग तिला तो दिसला. ती हसली, त्या हसण्यात खोडी होती, जुनी ओळख होती, त्याला परत बोलावणं होतं, हे त्याला तेव्हाही कळलं, न कळायला तो काही मूर्ख नव्हता. तिने पेन्सिलीचं टोक एका शब्दावर टेकवलं. "हा... हा..." ती म्हणाली. मान ताठ झाली. "मि... मि..." ती चालत येत होती, त्या उखडलेल्या रस्त्यावरून, धापा टाकत, आणि मुक्काम समोर दिसत होता. त्याने थांबायला हवं होतं. किंवा, सवय अगदीच सुटत नव्हती तर, तो शब्द द्यायला हवा होता; त्याला तो जन्माचा पाठ होता.

"सुंदर आहे ना?" लेखक म्हणाला. "हो ना? मलाही तोच सगळ्यात सुंदर वाटतो."

कात्रीने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग असता तर त्याने तो निभावून नेला असता, रागाला उत्तर असतं. तिथे आधी नवल होतं, भर बाजारात ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवल्यावर वाटतं तसं. मग ती काहीतरी जुळवताना दिसली, आजवरचं, एकाला एक जोडून. आणि मग काहीच नव्हतं. तोंड मिटलं. पेन्सिल तिने टेबलावर अशी ठेवली की घरंगळू नये. आणि मान डोलवली. हो. सुंदर. त्या दोन रेघा त्याने नंतर खोडरबराने पुसल्या. कागदावर त्यांचा वळ राहिला, तेवढं पान त्याने नव्याने लिहून काढलं.

त्यानंतर ती आजारली नाही, खंगली नाही, काही नाही. जेवायची, झोपायची, खिडकीशी बसायची. फक्त शोधायची थांबली. आठी पडेना, हात हवेत जाईना. काही हवं असलं की ती लेखकाकडे वळायची आणि वाट बघायची. तो विचारायचा, पाणी? शाल? पंखा? ज्याच्यावर मान हलायची ते तो द्यायचा. आधी त्याला वाटलं, किती समंजसपणा आलाय आमच्यात! मग एका सकाळी, ऊन टेबलापर्यंत आलेलं, ती नुकतीच उठून, तोंड धुऊन, केस विंचरून खुर्चीत बसलेली, त्याने कशासाठी कोण जाणे, तिला विचारलं, "झोपायचंय का तुला?" कात्रीने मान डोलवली. उठली. भिंत धरत आत गेली, आडवी झाली आणि डोळे मिटले. तो दारात उभा राहिला. बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी मुलाला शाळेत जायला उठवत होतं. हे तिचं आज्ञापालन होतं की शिक्षा, हे ठरवायला त्याच्याकडे दोन्ही शब्द हजर होते आणि दोन्ही सारखेच चपखल बसत होते.

वाचाबाईने पुढे बरेच दिवस नेट लावला. त्याला बाहेर बसवलं, दार घट्ट लावून घेतलं. आतून काही येईना. शेवटी एकदा तिनेच दार उघडलं. "या, काका. तुम्हाला बोलावतायत." "ती बोलली?" "नाही. दाराकडे बोट दाखवतायत." तो आत जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसला. वाचाबाईने कार्ड धरलं, साधी बादली होती. कात्रीने बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही सांगा. काका नाही, तुम्ही." कात्री त्याच्याकडे बघत राहिली, तोंड किंचित उघडं, घास भरवणाऱ्याची वाट बघावी तसं. खोलीत पंखा कुरकुरत होता. वाचाबाईचा हात अवघडला तरी तिने कार्ड खाली घेतलं नाही. "बादली," लेखक म्हणाला. कात्रीने मान डोलवली. वाचाबाईने कार्डं गोळा केली, कडा ठोकून सारख्या केल्या. "आता महिन्यातून एकदा आणलंत तरी चालेल," ती म्हणाली, आणि त्याला काका म्हणायला विसरली.

रविवारी मुलीचा फोन येतो. "आईला द्या." तो फोन कात्रीच्या कानाशी धरतो. "आई, बोल ना. काहीही बोल. टेबल म्हण." कात्रीचा श्वास तेवढा पलीकडे ऐकू जात असावा. कात्री त्याच्याकडे बघते. तो फोन आपल्याकडे घेतो. "आई म्हणते, तू बारीक झालीस का. जेवणाकडे लक्ष दे म्हणते." "आई म्हणते की तुम्ही म्हणता, बाबा?" "एकच झालं की." "नाही," मुलगी म्हणते, "एक नाही." पण भांडायचं तर आईच्या बाजूने काय म्हणून भांडायचं, ते तिला सुचत नाही. हल्ली ती लवकर फोन ठेवते.

पुस्तक निघालं, एक ओळही न कापता. शब्दकळेची वाहवा झाली; नाही म्हणायला एकदोघांना ते जड वाटलं, पण त्यांनी तसं लिहिलं नाही, घरचं आजारपण त्यांना ठाऊक होतं. हिशेबच करायचा तर आता घरात जे काही बोललं जातं ते सगळं लेखकाच्या खात्यावर जमा आहे. या जमेची किंमत म्हणून मुलीने आईचा आवाज भरला. ज्यांनी पुस्तक विकत घेतलं त्यांनीही थोडंफार भरलं, त्यांना ते कधी कळणार नाही. बाकीचं सगळं कात्रीने भरलं, निमूट, मान डोलवून. आणि लेखकाकडे कुणी काही मागितलं नाही. मागू शकली असती ती एकटीच, आणि तिला काय हवंय ते आता तोच सांगतो.